रोमाने-कोंती : साडेचार एकरांची बखर

फ्रान्सच्या पूर्व भागात दिजों शहरातून दक्षिणेस बोनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला बेताच्या उंचीचा एक लांबच लांब डोंगरउतार पसरलेला आहे. त्याचे तोंड पूर्वेला, माथ्यावर झाडी आणि पायथ्याशी सपाट शेती. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पिकणाऱ्या द्राक्षांच्या मद्याने बरगंडी या प्रांताचे नाव जगभर नेले आहे. या पट्ट्यावरील व्होन-रोमाने नावाच्या लहानशा गावामागे, चढणीला लागताच, दगडी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर 1804 साली उभारलेला एक पाषाणाचा क्रूस दिसतो. त्या भिंतीपलीकडे वाडा नाही, कमान नाही, पाटी म्हणाल तर आत पाऊल टाकू नये अशी वाटसरूंना केलेली विनंती तेवढी आहे. एक हेक्टर एक्क्याऐंशी आर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम साडेचार एकर, एवढीच ही जमीन. आणि तिचेच नाव रोमाने-कोंती.

या जमिनीविषयी लिहिण्याचे कारण तिच्या मद्याच्या किमतीत नाही. जमिनीच्या एका तुकड्याला माणसांनी आठशे वर्षे कसे ओळखले, त्याची हद्द कशी राखली आणि त्याचा मान मालकाच्या नावाने न मोजता मातीच्या नावाने कसा मोजला, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातील विचार करण्याजोगा भाग आहे. बोर्दो प्रांतात 1855 साली जी सुप्रसिद्ध प्रतवारी झाली, ती तेथील मद्यगृहांची होती. मालकाने शेजारचे शेत विकत घेतले तरी मद्यगृहाची प्रत कायम राहते. बरगंडीत त्याच वर्षी डॉक्टर ज्यूल लाव्हाल यांनी आपल्या ग्रंथात शेतांची प्रतवारी मांडली, आणि 1930 नंतरच्या दशकात फ्रेंच सरकारने कायद्याने जी मान्यता दिली तीही शेतांनाच दिली. तळाशी प्रांताच्या नावाचे मद्य, त्यावर गावाच्या नावाचे, त्यावर ‘प्रेमिए क्रू’ आणि सर्वांवर ‘ग्रां क्रू’ अशी ही उतरंड आहे. सर्वोच्च पायरीवर अवघी तेहतीस नावे असून त्यांचे उत्पादन साऱ्या प्रांताच्या एकदोन टक्क्यांपलीकडे जात नाही. व्होन-रोमाने गावाच्या शिवारात त्यांपैकी सहा आहेत.

या सहांपैकी रोमाने-कोंती आणि ला ताश ही दोन शेते ‘दोमेन द ला रोमाने-कोंती’ या एकाच संस्थेच्या संपूर्ण मालकीची आहेत. रिशबूर, रोमाने-सां-विव्हां आणि शेजारच्या शिवारातील ग्रां-एशेझो व एशेझो यांत तिचा मोठा हिस्सा आहे, आणि दक्षिणेकडील मोंत्राशे या शुभ्र मद्याच्या शेतात दोन एकरांहूनही कमी असा एक तुकडा आहे. संपूर्ण मालकी ही बरगंडीत अपवादात्मक गोष्ट होय. फ्रेंच क्रांतीनंतरच्या वारसा-कायद्याने प्रत्येक अपत्याला समान वाटा दिल्यामुळे तेथील शेतांचे आपल्याकडील भाऊबंदकीच्या वाटण्यांसारखे तुकडे पडत गेले, आणि क्लो द व्हूजो हे सुमारे पन्नास हेक्टरांचे, एकाच भिंतीच्या आतले शेत आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागलेले आहे.

मातीचे म्हणाल तर सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ उबदार समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा व शिंपल्यांचा चुनखडक झाला. रोमाने-कोंतीत या खडकावर सुमारे दोन फूट जाडीचा तपकिरी, चुनायुक्त चिकण मातीचा थर आहे. उताराच्या माथ्यावर माती याहून हलकी, तर खाली गावाकडे ती खोल व पाणी धरून ठेवणारी. मधल्या या कंबरेच्या जागी पावसाचे पाणी थांबत नाही आणि मुळे खडकाच्या भेगांत शिरून तग धरतात. असे असले तरी केवळ भूगर्भशास्त्राने या शेताच्या कीर्तीचा उलगडा होतो असे मला वाटत नाही. वरच्या बाजूचे ला रोमाने आणि बाजूचे रिशबूर यांच्या व याच्या मातीत जो फरक आहे तो सूक्ष्म आहे. त्या सूक्ष्म फरकाची शतकानुशतके दखल घेत राहणारी माणसे येथे होती, हे अधिक महत्त्वाचे.

ती माणसे आरंभी मठवासी होती. 1232 साली बरगंडीच्या डचेसने सां-विव्हां येथील मठाला या परिसरातील जमिनीच्या हक्कांची सनद दिली. पुढे 1584 मध्ये ही जमीन मठाच्या हातून निघून एका खाजगी गृहस्थाकडे गेली, 1631 मध्ये क्रोनेंबूर घराण्याकडे आली, आणि 1651 पासून कागदोपत्री तिला ‘रोमाने’ हे नाव आढळू लागते. 1760 साली लुई फ्रांस्वा द बूर्बों, म्हणजेच प्रिन्स द कोंती, याने ती खरेदी केली. राजाच्या मर्जीतील मादाम द पोंपादूर हिच्यावर मात करून त्याने ती मिळवली अशी कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. मी तिला दंतकथेहून अधिक किंमत देत नाही. नि:संशय गोष्ट एवढीच की, या राजपुत्राने तेथील मद्य बाजारात न पाठवता स्वतःच्या पंक्तीसाठी राखून ठेवले. क्रांतीच्या काळात ती राष्ट्राची मालमत्ता म्हणून जप्त झाली, 1794 साली तिचा लिलाव झाला, आणि ज्या राजघराण्याची मालकी नष्ट केली त्याच घराण्याचे नाव ‘रोमाने’ला याच सुमारास कायमचे जोडले गेले. त्यानंतर 1819 मध्ये उव्रार आणि 1869 मध्ये मद्यव्यापारी झाक-मारी द्युव्हो-ब्लोशे हे तिचे मालक झाले. द्युव्हो-ब्लोशे यांच्या वंशजांपैकी द व्हिलेन कुटुंब आणि 1942 साली अर्धा हिस्सा विकत घेणारे लरुआ कुटुंब यांच्याकडे ती आजतागायत आहे.

हद्द अढळ असते असे मात्र कोणी समजू नये. ला ताश हे शेत मुळात दीड हेक्टरांहूनही लहान होते. शेजारच्या ‘गोदिशो’ नावाच्या जमिनीचे मद्य ‘ला ताश’ या नावाने विकले जाऊ लागल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल विकणाऱ्या दोमेनच्या बाजूने लागला. 1933 साली दोमेनने मूळ ला ताशही विकत घेतले, आणि 1936 च्या कायदेशीर मान्यतेत ते सुमारे सहा हेक्टरांचे झाले. मातीचा निवाडा करणारी शेवटी माणसेच असतात, आणि त्यांच्या निवाड्यात व्यवहारही असतो. हे मान्य करूनही त्या विस्तारित ला ताशचे मद्य गेली नऊ दशके आपल्या पायरीला शोभेल असेच राहिले आहे, हेही नोंदवले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मावावर्गीय किडीने युरोपभरच्या वेलींची मुळे खाऊन टाकली. उपाय सापडला तो असा, की ज्या अमेरिकन वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत त्यांचा खुंट लावून त्यावर युरोपीय वेलीचे कलम भरायचे. (नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो तो क्षार आणि पाणीटंचाईच्या कारणाने, खुंट मात्र त्याच अमेरिकन वंशाचा.) रोमाने-कोंतीच्या मालकांनी हा उपाय पत्करला नाही. जुनी वेल मोडेल अशी झाली की तिला चरात निजवून, मातीने झाकून, तिचीच एक काडी वर काढायची आणि तिला नवी मुळे फुटू द्यायची, अशी दाब कलमाची परंपरा तेथे होती. त्यामुळे उभी असलेली प्रत्येक वेल मठकालीन वेलींचीच अखंड संतती आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. तो वंश टिकवण्यासाठी वेलींच्या मुळाशी कार्बन डायसल्फाइड हे उग्र वासाचे, ज्वालाग्राही द्रव्य सोडावे लागे. लोखंडी टोकाचे हातपंपासारखे अवजार पायाने जमिनीत रोवायचे, वरचा दांडा दाबायचा, दोन पावले सरकायचे आणि पुन्हा रोवायचे. एका हेक्टरात दहा हजारांवर वेली असताना हे काम दरवर्षी, पिढ्यान्‌पिढ्या चालले.

दुसऱ्या महायुद्धात हे द्रव्यही मिळेना आणि माणूसबळही उरले नाही. खते नाहीत, औषध नाही, आणि कीड तर मुळाशी बसलेलीच. अशा स्थितीत 1945 चा वसंत आला तो कडाक्याचे हिमदव घेऊन. त्या वर्षी या साडेचार एकरांतून दोन पिंपे मद्य निघाले, बाटल्यांच्या हिशेबाने सहाशे. हंगाम संपल्यावर मालकांनी सर्व वेली उपटल्या. 1947 मध्ये ला ताशमधील निवडक वेलींच्या काड्या अमेरिकन खुंटांवर भरून नवी लागवड झाली. 1946 ते 1951 या सहा वर्षांचे रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही. नव्या वेलींचे पहिले मद्य 1952 चे. ज्यांनी मठकाळापासूनचा अखंड वंश मानला होता त्यांनीच तो स्वहस्ते उपटला, आणि शेताचे नाव तसूभरही ढळले नाही. या मद्याची सत्ता वेलीत नसून जागेत आहे, या बरगंडीच्या मताची याहून कठोर परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

1945 च्या त्या सहाशेंपैकी एक बाटली ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पाच लाख अठ्ठावन्न हजार डॉलरला गेली. वर्षाला सर्वसाधारणपणे पाच-सहा हजार बाटल्याच निघतात आणि मागणी जगभरची, त्यामुळे असे घडते. परंतु अशा किमतीने मद्य पिण्याची वस्तू न राहता तिजोरीत ठेवण्याची होते, ही मला हानीच वाटते. संपत्तीमागे गुन्हाही येतो. 2010 साली एका खंडणीखोराने या शेतातील वेलींच्या बुंध्यांना भोके पाडून विष घातले आणि दहा लाख युरोंची मागणी केली. जवळच्याच शांबोल-म्यूझिन्यी गावाच्या स्मशानभूमीत पैशांची थैली घ्यायला आला असता तो पकडला गेला.

या काळात कारभार पाहणारे ओबेर द व्हिलेन यांचे मोल मला पुष्कळ वाटते. 1974 पासून जवळजवळ अर्धशतक त्यांनी हा कारभार वाहिला. त्यांच्या कारकिर्दीत रासायनिक खते व कीटकनाशके गेली, माती दबू नये म्हणून नांगराला पुन्हा घोडे जुंपले गेले, आणि जुन्या उत्तम वेलींच्याच काड्या निवडून नवी लागवड करण्याची शिस्त घातली गेली. बरगंडीच्या डोंगरउतारावरील 1247 नामांकित शेते जागतिक वारसा ठरावीत यासाठीच्या प्रयत्नांचे नेतृत्वही त्यांनीच केले, आणि 4 जुलै 2015 रोजी युनेस्कोने ती मान्यता दिली. व्होनपासून काही किलोमीटरवर, व्हेर्जीच्या टेकडीवर, सां-विव्हां मठाचे पडके अवशेष झाडीत बुडून गेले होते. ज्या मठाने 1584 मध्ये ही जमीन हातावेगळी केली त्याच्या त्या अवशेषांची मालकी आता दोमेनने घेतली असून, त्याच्या भिंती आणि तळघरे पुन्हा सावरून उभी करण्याचे काम पुष्कळसे पार पडले आहे.