नीरा-भीमेचें पाणी आणि हवामानाचे आडाखे

इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या शिवारावर वर्षाकाठीं सरासरी वीस इंचांच्या आसपासच पाऊस पडतो. असें असतांहि याच मुलुखांत ऊंस उभा राहतो, व येथल्याच माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं वालचंदनगर वसविलें, याचें प्रथम ऐकणारास नवल वाटतें. परंतु कळंबकरांचा खरा पाऊस कळंबास पडतच नाहीं. तो भोरकडील डोंगरांत पडतो, भाटघर व वीर येथें अडतो आणि नीरेच्या डाव्या कालव्यानें वळणें घेत खालीं येतो. वाणसामान पेठेंतून यावें तसा हा पाऊस परगांवाहून येतो म्हणा ना!

तालुक्याच्या उत्तरेस भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या या धरणांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. पैकीं निम्म्याहून अधिक मृतसाठ्याचें. टक्केवारी सांगतात ती त्यावरील सुमारें ५३ अब्जांची. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्याअखेर ‘वजा साठ टक्के’ हा चमत्कारिक आंकडा लोकांच्या कानीं पडला, आणि ऑगस्टच्या आरंभीं तेंच धरण भरून पाणी सोडण्याची वेळ आली.

खरी अडचण येथेंच आहे. नीरा भीमेस मिळते ती नरसिंहपुरास, म्हणजे उजनीच्या खालीं. दोन्हीकडील पाणी एकाच वेळीं सुटलें तर तें एकत्र होऊन पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांत शिरतें. आगाऊ सोडावें आणि पुढें पावसानें डोळे वटारले, तर उन्हाळ्यांत सोलापुरास व शेतांस काय द्यावें? धरून ठेवावें, तर घाटांतील एका रात्रीच्या पावसानें दारें उघडावीं लागतात. या निर्णयास अंदाज हवा, व तोहि नुसता ‘पाऊस येईल’ असा नव्हे. किती, कोठें आणि तें पाणी किती तासांनीं धरणांत पोंचेल, हें सांगणारा.

हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. जुन्या पुणेकरांच्या तोंडीं ‘सिमला ऑफिस’ हें नांव अद्यापि आहे. त्यापूर्वींच सर गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरच्या महासागरांवरील वायुभाराचा आपल्या पावसाशीं संबंध जोडला होता. १९६२ पासून पुण्यांत उष्णदेशीय हवामानाची स्वतंत्र संशोधनसंस्थाहि काम करीत आहे. तथापि मोसमाचा अंदाज निराळा आणि एका खोऱ्याचा निराळा. १४ ऑक्टोबर १९२० नव्हे, २०२० चा तो दिवस घ्या: बंगालच्या उपसागरांतून आलेल्या वादळी आवर्तानें घाटाऐवजीं थेट सोलापूर-पंढरपुराकडे पाऊस ओतला. घाटमाथ्यावर डोळा ठेवून बसणारांस असा पाऊस फार थोडी उसंत देतो.

पाणी आल्यावरहि हिशेब संपत नाहीं. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडालें कीं दहा लक्ष लिटर गेलें. उजनीचा पसारा शेंकडों चौरस किलोमीटरांचा, आणि वैशाखांतील कोरडा वारा रोज काहीं मिलिमीटर नेतोच. दिवसां तापलेल्या जमिनीकडे सरोवरावरून गार झुळूक येते, रात्रीं तिची दिशा उलटते; वाऱ्यानें वरचा ऊन थर हालतो व खालच्यांत मिसळतो. अमेरिकेंतील महासरोवरांवर हवा व पाणी यांचें गणित एकत्र मांडण्याचें काम दीर्घकाळ चालू आहे. तेथील कांठ मात्र बहुतांशीं जागचे हालत नाहींत. उजनीचा कांठ एका वर्षांत कोसभर मागें जातो. तेथें गाळपेर होते, आणि पाणी फारच ओसरलें कीं पळसदेवचें बुडालेलें पळसनाथाचें देऊळ उघडें पडतें.