न्हाणीघरात गरम फरशी : बसवावी की नाही?

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावीही आता नव्या घरात शहाबादी फरशीऐवजी मोरबीच्या टाइल्स बसतात. गेल्या हिवाळ्यात घराचे काम काढलेल्या आमच्या एका नातलगाने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा परदेशी नोकरीला आहे. तिकडे त्याने न्हाणीघरात विजेवर तापणारी फरशी पाहिली. अब्बा फजरच्या वुजूला उठतात तेव्हा त्यांचे पाय गारठतात, म्हणून तशीच फरशी इथे बसवावी, असा त्याचा आग्रह होता. हेतू नेक आहे. पण नेक हेतूनेही हिशेब करूनच पैसा खर्च करावा.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. टाइलखाली उष्णतारोधक थर, त्यावर तापणारी तार, वर मसाला आणि मग टाइल, अशी तिची रचना असते. कल्पना जुनीच आहे. काश्मिरात मशिदींच्या हमामात दगडी फरशीखाली पोकळी ठेवून लाकडे जाळतात; त्याच आगीवर तांब्याच्या हंड्यातले वुजूचे पाणीही तापते. तिथे बर्फ पडतो, महिनोन्‌महिने थंडी असते. आपल्याकडे कडाक्याची थंडी फार तर दोन महिने, तीही पहाटेपुरती.

आता वीज. अशा तारेला चौरस मीटरला साधारण १५० वॅट लागतात. पाच बाय आठ फुटांच्या न्हाणीघराला साडेपाचशे वॅट धरा. फरशी हळूहळू तापते, म्हणून पहाटे लवकर चालू करावी लागते. तीन तास चालली तर दीड युनिटाहून जास्त वीज जाते. उलट, १५ लिटरची बादलीभर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट पुरतो. म्हणजे एका पहाटेच्या फरशीत तीन बादल्या गरम पाणी होते. त्यातून पहाटे वीज गेली तर फरशी गारच!

बिलापेक्षा मोठा धोका जमिनीचा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया व भराव नीट नसेल तर फरशी खचते, चिरते. तार तुटली की दुरुस्तीसाठी टाइल उखडावी लागते. ओल्या जागी वीज आहे, म्हणून चांगले अर्थिंग आणि गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच हवाच. पुष्कळ जुन्या घरांत दोन्ही नसतात.

मग अब्बांच्या पायांचे काय? आम्ही कापडवाले; आम्हाला एक गोष्ट रोज दिसते. दुकानातली सतरंजी आणि फरशी रात्रभर एकाच हवेत असतात, तरी सकाळी फरशीच गार लागते. कारण फरशी पायाची उष्णता झपाट्याने ओढते, सतरंजी ओढत नाही. तेव्हा न घसरणारी रबरी चटई अंथरली तरी निम्मे काम होते.

म्हाताऱ्या माणसाला गारव्यापेक्षा घसरण्याचे भय जास्त. खुब्याचे हाड मोडले की घरच अंथरुणाला खिळते. म्हणून गुळगुळीत टाइलऐवजी खरखरीत टाइल, पाणी साचणार नाही असा उतार, भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, बसून वुजू करता येईल असा ओटा, आणि गरम पाणी, एवढ्यावर पैसा घालावा. पाण्यासाठी छतावर सौरबंब बसवता येतो. मात्र बोअरचे जड पाणी असेल तर क्षार साचतो, नळ्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात.

फरशी बसवणाऱ्या व वायरिंग करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाइकाने मागितले म्हणून मुकाट्याने काम घेऊ नये. गरज नसेल तर तसे सांगावे. ऐब लपवून माल विकणे जसे आपल्याला मना आहे, तसेच हेही. एक काम हातचे जाईल, पण ज्याने खरे सांगितले त्याच्याच दारी ते गिऱ्हाईक पुन्हा येते. तरीही कोणी हट्ट धरलाच, तर फरशी टाकण्यापूर्वी तार तपासून घ्यावी आणि ती कुठून कशी गेली याचा नकाशा घरमालकाकडे द्यावा.

आमच्या नातलगांनी अखेर दांडा, ओटा आणि सौरबंब केला. उरलेली रक्कम मुलाच्या सल्ल्याने दुकानाच्या मालात घातली. अब्बा आता गरम पाण्याने वुजू करतात, दांडा धरून उठतात. इस्राफही टळला आणि खिदमतही झाली.