ढगांच्या पोटात पाहणारी निर्वात नलिका

नासाचा ‘क्लाउडसॅट’ हा उपग्रह २८ एप्रिल २००६ रोजी कॅलिफोर्नियातून झेपावला. ढगात पाणी किती, बर्फ किती आणि नेमके कोणत्या उंचीवर, हे सुमारे ७०० किलोमीटरवरून रडारने मोजायचे, हे त्याचे काम. त्या रडारला शक्ती पुरवत होती कॅनडात बनलेली एक निर्वात नलिका. घरच्या रेडिओतून केव्हाच गेलेली व्हॅक्यूम ट्यूब एकविसाव्या शतकातल्या उपग्रहाला का लागली?

याचे उत्तर ढगातल्या थेंबांपासून सुरू होते. हे थेंब मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे. पावसाचा वेध घेणाऱ्या रडारच्या १० सेंटीमीटर लांबीच्या लहरींना ते जवळजवळ जाणवतच नाहीत. लहरीची लांबी निम्मी केली, की इतक्या बारीक कणाकडून परतणारा प्रतिध्वनी १६ पट होतो. म्हणून क्लाउडसॅटसाठी ९४ गिगाहर्ट्झची, म्हणजे ३.२ मिलिमीटर लांबीची लहर निवडली गेली. तरीही एवढ्या दुरून येणारा प्रतिध्वनी क्षीणच असतो. त्यामुळे प्रत्येक स्पंदामागे दीड किलोवॉटहून अधिक शक्ती हवी.

इथे ट्रान्झिस्टर थकतो. वारंवारता वाढवण्यासाठी तो बारीक करावा लागतो आणि बारीक झाला की त्याला जास्त व्होल्टेज सोसत नाही. शिवाय स्फटिकातून जाणारे इलेक्ट्रॉन वाटेतच धडकत राहतात आणि चिप तापते. निर्वातात ही आडकाठी नाही. १७ हजार व्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉन तिथे प्रकाशाच्या पाव वेगाने धावतो. व्हेरियन बंधूंनी १९३७ मध्ये शोधलेल्या क्लिस्ट्रॉन या निर्वात नलिकेत पहिली कॅव्हिटी, म्हणजे धातूतली पोकळी, काही इलेक्ट्रॉनांना किंचित वेग देते, काहींना रोखते. पुढे जाता जाता त्यांचे पुंजके बनतात आणि शेवटच्या कॅव्हिटीत ते आपली ऊर्जा लहरीला देतात. उरलेली उष्णता शेवटच्या कलेक्टरमध्ये जिरते, नाजूक भागापासून दूर.

मात्र ही नलिकाही लहरीच्या मापाने आक्रसते. १० सेंटीमीटरवरून ३.२ मिलिमीटरवर आले, की लांबी-रुंदी सुमारे ३१ पटींनी आणि पृष्ठभाग जवळपास हजार पटींनी घटतो. इलेक्ट्रॉनांचा झोत जायचा बोगदा मिलिमीटरहून अरुंद होतो. त्यातून तो भिंतीला न शिवता न्यायला बलवान चुंबक लागतो, आणि वाट जितकी लांब तितका चुंबक जड. त्यात ९४ गिगाहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या जेमतेम ०.२ मायक्रोमीटर थरातून वाहतो. पृष्ठभाग त्याहून खरखरीत असला, तर शक्ती भिंतीतच विरते.

यावर तोड म्हणजे ‘एक्स्टेंडेड इंटरॅक्शन क्लिस्ट्रॉन’. स्टॅनफर्डच्या चोडोरो आणि वेसेल-बर्ग यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. साध्या क्लिस्ट्रॉनच्या कॅव्हिटीत झोत एकाच फटीतून लहरीला भेटतो. इथे एका कॅव्हिटीत अनेक फटी असतात. ९४ गिगाहर्ट्झच्या एका आवर्तनात इलेक्ट्रॉन सुमारे ०.८ मिलिमीटर सरकतो. फटींमधले अंतर त्या हिशेबाने ठेवले, की झोपाळ्याला ठेक्यात दिलेल्या झोक्यांसारखा प्रत्येक फटीतला परिणाम आधीच्यात मिळत जातो. एकाच फटीवर सगळा भार येत नाही, कमी लांबीत पुरेसे वर्धन होते आणि कायमस्वरूपी चुंबक लहान राहतो. म्हणूनच ही नलिका उपग्रहात मावते.

क्लाउडसॅटचे रडार २०२३ पर्यंत चालले. मे २०२४ मध्ये गेलेला युरोप-जपानचा ‘अर्थकेअर’ उपग्रह याच वारंवारतेवर ढगातल्या कणांचा वर-खाली होणारा वेगही मोजतो. आपल्याकडे वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने ३५ गिगाहर्ट्झच्या रडारने मोसमी ढगांचा अभ्यास केला आहे. सूक्ष्मलहरी नलिकांवर पिलानीची सीरी आणि बंगळूरची एमटीआरडीसी या संशोधन संस्था काम करतात. ज्या देशाची शेती मोसमी ढगांवर उभी आहे, त्या देशाच्या तरुण अभियंत्यांनी निर्वात नलिकेला जुनाट समजून बाजूला ठेवू नये. तिथे विद्युतचुंबकी गणित, धातुकाम आणि उष्णतेचे शास्त्र एकाच वेळी पणाला लागते, आणि हे कौशल्य ज्यांच्या हाती आहे, अशी माणसे जगात फार थोडी आहेत.