शिवारफेरी (वर्धा जिल्हा)

शिवारफेरी म्हणजे गावाच्या शिवारातून, परिसराची माहिती असलेल्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली, गटाने पायी केलेली फेरी होय. ती स्पर्धा नव्हे, गिर्यारोहण नव्हे आणि तीर्थयात्राही नव्हे. वाटेवरील जमीन, पाणी, पिके, झाडे, पक्षी आणि जुन्या वास्तू पाहणे व समजून घेणे हा तिचा हेतू असतो. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात निसर्गप्रेमींची मंडळे, पक्षिमित्र, शाळा-महाविद्यालये आणि जलसंधारणाचे काम करणारे गट अशा फेऱ्या काढतात. जंगलालगतच्या फेरीस निसर्गफेरी किंवा निसर्गभ्रमंती असेही म्हणतात. या सर्व फेऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या पांदणी. पांदण मोकळी असेल तेथेच शिवारफेरी शक्य होते.

संज्ञा

गावठाण सोडून गावाच्या हद्दीत येणारी शेते, गायराने, नाले व झुडपी रान या सर्वांना मिळून शिवार म्हणतात. 'शिवारफेरी' हा शब्द तीन अर्थांनी रूढ आहे. पहिला अर्थ कृषी विद्यापीठांशी निगडित आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांना पिकांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी शिवारफेरी भरवली जाते. दुसरा अर्थ जलसंधारणाच्या नियोजनाचा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावाचा आराखडा करण्यापूर्वी ग्रामस्थ व कर्मचारी यांनी शिवार पायाखाली घालून पाणी कोठे अडते व कोठून वाहून जाते हे पाहणे अपेक्षित होते. तिसरा अर्थ हौसेने व अभ्यासासाठी केलेल्या सामूहिक फेरीचा असून प्रस्तुत लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

फेरीत कानी पडणारे काही शब्द स्थानिक आहेत. शेताला वावर, शेताच्या बांधाला धुरा आणि दोन्ही बाजूंना झाडे-झुडपे असलेल्या गाडीवाटेला पांदण म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात याच वाटेला पाणंद हा शब्द आहे.

भूप्रदेश

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यात वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. सातपुड्यात उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते. धाम, बोर, यशोदा व वेणा या आतील प्रमुख नद्या होत.

पायी फिरणाऱ्याच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांत सातपुड्याच्या टेकड्यांचे फाटे उतरलेले आहेत. तेथे साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह व सालई यांचे पानझडी जंगल आणि संत्र्याच्या बागा आढळतात. गवळाऊ ही गोवंशाची प्रसिद्ध जात याच पट्ट्यातील आहे. दक्षिणेकडे काळ्या मातीचा सपाट प्रदेश असून कापूस, सोयाबीन, तूर, गहू व हरभरा ही तेथील मुख्य पिके होत. खडक बहुतेक सर्वत्र बेसाल्टचा आहे.

पायी चालण्याची परंपरा

जिल्ह्यात गटाने पायी चालण्याची परंपरा शिवारफेरीहून पुष्कळ जुनी आहे. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरील कौंडण्यपूर येथून रुक्मिणीची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला जाते. पताका पुढे, विणेकरी मध्ये आणि सर्वांनी एकमेकांच्या चालीने चालायचे, ही दिंडीची शिस्त गावोगावी अंगवळणी पडलेली आहे.

आधुनिक काळात या परंपरेला वेगळा अर्थ मिळाला. महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी मगनवाडीहून जवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. ते अंतरही त्यांनी पायीच काटले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा नावाचा घोटाळा टाळण्यासाठी या खेड्याला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव देण्यात आले. सकाळ-संध्याकाळच्या फिरण्यात भेटीस आलेल्यांशी बोलणे हा गांधीजींच्या आश्रमीय दिनक्रमाचा भाग होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. परिसर, श्रम आणि हस्तोद्योग यांतून शिकणे हे तिचे तत्त्व असल्यामुळे वर्गाबाहेर पडून शेत, विहीर व ओढा पाहणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला.

विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. त्याच प्रवासात १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. १२ सप्टेंबर १९५१ रोजी ते पवनारहून दिल्लीकडे निघाले. पुढे देशभर सुरू राहिलेल्या पदयात्रेनंतर ते १९६४ मध्ये पवनारला परतले. भूदानाची पदयात्रा ही शिवारफेरी नव्हे. तिचा हेतू सामाजिक होता आणि अंतरे फार मोठी होती. मात्र मुक्काम आधी ठरवणे, पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी पुढचे गाव गाठणे आणि वाटेतील माणसांशी बोलणे या तिच्या रीती आजच्या फेऱ्यांनाही उपयुक्त आहेत.

फेरीचे स्वरूप

सर्वसाधारण फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि तीन ते चार तासांत संपते. अंतर पाच ते आठ किलोमीटर असते, कारण थांबून पाहण्यातच निम्मा वेळ जातो. वीस-पंचवीस जणांहून मोठा गट सहसा करीत नाहीत. गट मोठा झाला की मागच्यांना बोलणे ऐकू येत नाही आणि पक्षी आधीच उडून जातात.

सर्वांत पुढे वाटाड्या असतो. तो त्याच गावचा असेल तर उत्तम. कोणत्या नाल्याला पाणी आहे, कोणाच्या वावरात पीक उभे आहे आणि कोणत्या झुडपात रानडुकरांचा वावर आहे हे त्याला ठाऊक असते. निसर्गाची माहिती सांगणारा अभ्यासक मध्ये चालतो. शेवटी एक अनुभवी व्यक्ती असते आणि तिच्या मागे कोणी राहायचे नाही, असा संकेत असतो. निघताना व परतल्यावर माणसे मोजतात.

पाहिलेल्या पक्ष्यांची, फुललेल्या झाडांची व पाण्याच्या ठिकाणांची नोंद वहीत केली जाते. एकाच वाटेवरच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर परिसरातील बदल त्यांतून दिसू लागतात. एखादी विहीर कधी आटली, एखादा पक्षी कोणत्या वर्षापासून दिसेनासा झाला, हे अशाच नोंदींवरून सांगता येते.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून घोषित केला. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांचा जन्मदिवस होय. या सप्ताहात पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या विशेषत्वाने काढल्या जातात. वर्धा शहरात बहार नेचर फाउंडेशन या संस्थेने २०१८ मध्ये नगर परिषदेच्या सहकार्याने शहरपक्षी निवडण्यासाठी नागरिकांचे मतदान घेतले आणि त्यात नीलपंख पक्ष्याची निवड झाली. शेतातील किडे खाणारा हा पक्षी शिवारफेरीत तारांवर बसलेला सहज दिसतो.

वाट आणि हक्क

शिवारफेरीची वाट कोणाच्या मालकीची, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. गावनकाशावर दाखवलेल्या पांदणी, गाडीरस्ते व पाऊलवाटा या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सामान्यतः शासनाच्या मालकीच्या असतात. त्यांवरून जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरून जाणारी वाट मात्र खाजगी जमिनीतली असते. कलम १४३ अन्वये अशा सीमेवरून जाण्याचा हक्क तहसीलदार ठरवून देऊ शकतो, पण तो शेत कसणाऱ्यासाठी असतो, फिरावयास आलेल्यासाठी नव्हे. म्हणून धुऱ्यावरून जाताना शेतमालकास विचारणे आवश्यक ठरते.

विदर्भात याखेरीज दोन दस्तऐवज महत्त्वाचे आहेत. निस्तारपत्रकात (कलम १६१) गावाच्या पडीक जमिनीतील चराई, सरपण इत्यादी सामाईक उपयोगांची व्यवस्था नोंदलेली असते. वाजिब-उल-अर्जमध्ये (कलम १६५) शासनाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीतून जाण्याची वहिवाट, पाणी घेण्याचा व मासेमारीचा हक्क अशा गावच्या रूढी नोंदवल्या जातात. एखादी जुनी वाट नकाशावर स्पष्ट नसली तरी तिचा पुरावा येथे मिळू शकतो.

वाट अडवली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ज्या वाटेने वर्षभर कोणी गेलेच नाही, ती बंद झाल्याचे वेळेवर कळत नाही. नियमित फेऱ्यांचा एक व्यावहारिक उपयोग येथे दिसतो.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या डोंगरावर कामगार वर्गातील तरुणांनी मनाई मोडून सामूहिक पदभ्रमण केले आणि त्यांच्यापैकी काहींना कारावास झाला. १९३५ मध्ये भ्रमंती मंडळांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील सार्वजनिक पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे करणे स्थानिक प्रशासनास बंधनकारक केले. तेथे चालण्याचा हक्क चालणाऱ्याचा म्हणून नोंदला गेला. महाराष्ट्रात तो मुख्यतः शेतीच्या गरजेतून नोंदलेला आहे.

प्रमुख ठिकाणे

पवनार : धाम नदीच्या काठावरील हे गाव म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. विनोबांच्या आश्रमाच्या आवारात सापडलेली प्राचीन शिल्पे येथे पाहावयास मिळतात.

सेवाग्राम : वर्ध्यापासून सुमारे ८ किमी. आश्रम आणि भोवतालचे शिवार सपाट असल्याने लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी सोयीचे आहे.

केळझर : सेलू तालुक्यातील टेकडी, तलाव व गणेश मंदिर. महाभारतातील एकचक्रनगरी हीच, अशी लोकसमजूत आहे.

गिरड : समुद्रपूर तालुक्यातील टेकडी. येथे शेख फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर सापडणारे सुपारी-जायफळासारखे गोल दगड म्हणजे व्यापाऱ्याच्या मालाचे झालेले दगड, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात ते बेसाल्ट खडकाशी संबंधित खनिजांचे गोळे आहेत.

बोर : १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या या क्षेत्राचा विस्तार सुमारे १३८ चौ. किमी असून देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. आत पायी फिरण्यास मनाई असून पर्यटन वाहनातून होते. पायी फेरी वनविभागाच्या परवानगीने, नेमून दिलेल्या वाटेवरच करता येते.

ऋतुमान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत अनुकूल काळ होय. या दिवसांत कापूस वेचणी चालू असते, तलावांवर चक्रवाक व इतर स्थलांतरित पक्षी उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यापाठोपाठ मोह गळू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते, त्यामुळे फेरी घ्यावयाची झाल्यास सकाळी नऊपूर्वी संपवावी लागते. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून चालणे अवघड होते. त्या काळात मुरमाड टेकड्यांवरच्या वाटा निवडल्या जातात.

सुरक्षितता व संकेत

पिकांना रानडुकरांपासून वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो. त्यामुळे कोणत्याही तारेला हात लावू नये व तार ओलांडू नये. फवारणी चालू असलेल्या वा नुकत्याच झालेल्या शेतातून जाणे टाळावे. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाले होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. घोटा झाकणारे बूट घालणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता शासकीय रुग्णालय गाठावे. अभयारण्याबाहेरच्या शिवारातही वाघ व बिबट्या येत असल्याने जंगलालगत पहाटे वा सायंकाळी एकट्याने जाऊ नये. विजा चमकत असताना एकट्या झाडाखाली थांबू नये.

उभ्या पिकात पाय न ठेवणे, ओंबी-बोंडे न तोडणे, गोफणीने वा टाळ्यांनी पक्षी न उडवणे, घरट्यांजवळ न थांबणे आणि राखणीला बसलेल्या माणसास आपण कोण व कोठून आलो ते सांगणे हे फेरीचे सर्वमान्य संकेत आहेत. अनोळखी माणसांचा गट शेतात दिसला की जमीनमोजणी किंवा भूसंपादन आले, अशी शंका शेतकऱ्यास येणे स्वाभाविक असते.

सद्यस्थिती

दोन्ही बाजूंच्या शेतांकडून होणारे अतिक्रमण, वाढलेल्या बाभळी व चिखल यांमुळे अनेक पांदणी नकाशावर असूनही प्रत्यक्षात उरलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. तीमधून रोजगार हमीच्या निधीसह पांदणी मोकळ्या करून पक्क्या केल्या जातात. पांदण मोकळी झाल्याने शेतमाल घरी आणणे सोपे होते. मात्र रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली तर सावली आणि पक्ष्यांचा आसरा दोन्ही नाहीसे होतात. त्यामुळे रस्ता करताना कडेची झाडे राखणे हा शेतकरी आणि निसर्गप्रेमी या दोघांच्याही हिताचा विषय ठरतो.

सामूहिक श्रमातून शिवार कसे बदलते, याचे उदाहरण म्हणून आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाचा उल्लेख होतो. या गावाने २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. तेथील समतल चर, बांध व शेततळी ही कामे डोंगरउतारावर असल्याने ती पायी फिरूनच नीट पाहता येतात.