रिकाम्या रकान्यात दडलेल्या परवानग्या

मागच्या भागात पोस्टग्रेसमधले रोल आणि ग्रँट-रिव्होक झाले. आज बघायचंय ते हे, की या परवानग्या टूल आपल्याला दाखवतं कशा. कारण इथेच भलेभले फसतात.

समजा, पब्लिक स्कीमामध्ये पगाराचं टेबल आहे. ते फक्त एचआरच्या रोलला दिसतं. त्यावर आपण पगार काढणारं एक फंक्शन लिहिलं आणि त्याला सिक्युरिटी डिफायनर लावलं, म्हणजे ते कोणीही चालवलं तरी मालकाच्या अधिकाराने चालणार. आता पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डीएफ-प्लस दिलं, तर परवानग्यांचा रकाना कोरा! आपण म्हणतो, चला, कोणालाच दिलेलं नाही.

नेमकं उलट आहे. कोरा रकाना म्हणजे कोणी बदल केलेला नाही, पोस्टग्रेसचे मूळ नियम चालू आहेत. टेबलासाठी मूळ नियम कडक आहे, मालकाशिवाय कोणी नाही. फंक्शनसाठी मात्र चालवण्याची मुभा पब्लिकला, म्हणजे प्रत्येक रोलला आहे. तेव्हा डेटाबेसला जोडता येणारा कोणीही ते पगार काढू शकतो.

गंमत म्हणजे, एचआरला एक ग्रँट दिली की रकाना एकदम भरतो आणि त्यात तीन नोंदी दिसतात. एक एचआरची, एक मालकाची, आणि एक अशी की बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काहीच नाही. ती पब्लिकची. ती आत्ता आलेली नाही, आधीपासूनच होती. फक्त आता छापली गेली. (सतराव्या आवृत्तीपासून, सगळ्या परवानग्या काढून घेतल्या असतील तर पीएसक्यूएल कंसात 'नन' लिहितं. त्याआधी दोन्ही सारखेच कोरे दिसायचे.)

मग उपाय? असलेल्या फंक्शनवर पब्लिककडून रिव्होक. पुढे तयार होणाऱ्यांसाठी अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस. जुन्या वस्तूंना ही दुसरी आज्ञा हातही लावत नाही. तिचा परिणाम बॅकस्लॅश-डीडीपीत दिसतो. पीजीअॅडमिनमध्ये डेटाबेस आणि स्कीमाच्या डायलॉगमध्ये त्यासाठी वेगळा टॅब आहे. डीडीपी फक्त मूळ नियमांपेक्षा वेगळं काय ठरवलंय तेवढंच दाखवतं, म्हणून तेही कोरं असेल तर अर्थ तोच: मूळ नियम चालू.

इथे एक खोच आहे. ही रिव्होक एखाद्या स्कीमापुरती दिली, तर आज्ञा बिनतक्रार चालते, पण घडत काहीच नाही. स्कीमाच्या पातळीवर परवानगी वाढवता येते, वरून आलेली कमी करता येत नाही. डीडीपीत ओळ उमटत नाही, हीच त्याची खूण. त्यामुळे स्कीमाचं नाव न घालता आज्ञा द्यायची, आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी.

शिवाय हे डिफॉल्ट वस्तू तयार करणाऱ्या रोलला चिकटतात. आपण ते स्वतःच्या रोलसाठी बदलले आणि मायग्रेशन स्क्रिप्ट दुसऱ्याच रोलने चालत असेल, तर नवी फंक्शनं पुन्हा सगळ्यांना खुली. म्हणून डीडीपीत आधी मालकाचा रकाना वाचा आणि तो स्क्रिप्टच्या रोलशी ताडून पाहा.