घडता मेंदू : भाग ६
‘मला चढत नाही’

कुमारवयात मेंदूची छाटणी आणि बांधणी एकाच वेळी चालते, हे आपण मागच्या भागात पाहिलं. वापरात नसलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या पक्क्या होतात. परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास तयार होतो. अशा मेंदूत दारू गेली तर काय होतं, ते आज पाहू.

‘मला चढतच नाही,’ असं पिणारी मुलं अनेकदा सांगतात. मोठ्यांना ती फुशारकी वाटते. पण त्यात तथ्य आहे, आणि खरा धोकाही तिथेच आहे.

मोठा माणूस काही पेगनंतर जडावतो, त्याचा तोल जातो, झोप येते. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम दारू वाढवते, म्हणून ही गुंगी येते. अल्पवयीन मुलांना दारू पाजून प्रयोग करता येत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वॉर्ट्झवेल्डर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर अभ्यास केला. तेवढ्याच मात्रेत वयात येणारे उंदीर प्रौढांपेक्षा कमी गुंगले. पाण्यातली वाट शिकताना मात्र तेच जास्त चुकले. १९९८ मध्ये याच गटाने विशीतल्या माणसांची स्मरणशक्ती तपासली. दारूची मात्रा सारखी असूनही २१ ते २४ वयाच्या तरुणांची स्मृती २५ ते २९ वयाच्या तरुणांपेक्षा जास्त ढासळली.

म्हणजे ‘आता पुरे’ असं सांगणारी गुंगी या वयात उशिरा येते, आणि नव्या आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला मात्र जास्त झळ बसते. मुलगा नाचतोय, बोलतोय, गाडीची किल्लीही मागतोय. पण त्या रात्रीची नोंद मेंदूत होतच नसेल. झोप येत नाही म्हणून तो आणखी पितो, आणि रक्तातली दारू जिवावर बेतेल इतकी वाढू शकते.

त्यामुळे कुणी बेशुद्ध पडलं तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून जाऊ नका. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते. त्याला कुशीवर वळवा, जवळ थांबा आणि १०८ ला फोन करा. घरच्यांच्या रागाच्या भीतीने मित्र हा फोन टाळतात. ‘असं काही झालं तर आधी फोन कर, बाकीचं नंतर बोलू,’ हा शब्द मुलांना आजच द्या.

लांबचा परिणामही मोठा आहे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूवर अवलंबून झाल्याचं दिसलं. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. घरचं वातावरण आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. तरीही पहिला पेग पुढे ढकललेलं प्रत्येक वर्ष घडत्या मेंदूच्या फायद्याचंच आहे.

म्हणून ‘आमच्यासमोर थोडी घेतली तर काय बिघडतं?’ या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे : घरातही नको. आणि मूल आधीच पीत असेल, तर त्याला लाजवू नका, मदत घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

पुढच्या भागात : गांजा आणि अभ्यासातलं लक्ष.