काढलेला फोटो कोणाचा?

सुट्टीत डोंगरात जाऊन फोटो काढून आलो, असे सांगितले की आपल्या कॉलेजात पहिला प्रश्न येतो तो "कॅमेरा कुठला?" हा. ज्यांचे फोटो काढले त्यांचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो : "आमाला कवा मिळायचा?" छायाचित्रणाचे तंत्र शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत, पण फोटोतल्या माणसाचा त्या फोटोवर काही हक्क असतो की नाही, याचा विचार तंत्राबरोबरच व्हायला हवा, असे मला वाटते. त्यासाठी हा लेख.

गेल्या मे महिन्यात वर्गमित्राच्या मामांकडे मी अठरा दिवस राहिलो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला ही महादेव कोळ्यांची वाडी आहे. समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, खाली प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले धरण. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो. पण ते पाणी उतारावरून खाली धावते आणि वैशाखात बायकांना झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. धरण डोळ्यांसमोर आणि घागर रिकामी, हे दृश्य कोणालाही टिपावेसे वाटेल.

परंतु डोंगरातला उन्हाळा म्हणजे नुसती टंचाई नव्हे. हे दिवस आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीचे. घर शाकारणे, सरपण भरून ठेवणे आणि राब भाजणे ही कामे याच दिवसांत उरकावी लागतात. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या व गवत यांचे थर देतात, वरून माती पसरतात आणि वारा पडलेला पाहून पेटवतात. त्यामुळे तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. हे ठाऊक नसलेल्या माणसाला धुरातली बाई म्हणजे केवळ एक 'सुंदर दृश्य' वाटते. ठाऊक असलेला मात्र तिच्या हातातला डहाळा आणि तिची वाऱ्यावरची नजर टिपतो. तेव्हा पहिला नियम हा, की काम समजून घेतल्याशिवाय कामाचा फोटो काढू नये.

आता थोडे उजेडाविषयी. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो आणि आपल्या या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी तो अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावलीही नाहीशी होते. अशा उन्हात कपाळ आणि नाक चकाकतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. म्हणून बाहेरचे फोटो सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर काढावेत. तशीही वाडीतली माणसे भर दुपारी सावलीलाच असतात.

दुपारसाठी उत्तम जागा म्हणजे घराचा उंबरठा. आतल्या अंधारात भिंती धुराने काळवंडलेल्या असतात आणि दारातून येणारा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर मऊ पडतो. आयएसओ ८००, छिद्र एफ २.८ आणि १/६० सेकंद एवढ्यावर हाती धरूनही काम भागते. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरच्या साऱ्या दृश्याची सरासरी काढते. मागे काळोख जास्त असला की ते सगळेच उजळवू पाहते आणि चेहरा पांढराफटक होतो. अशा वेळी प्रकाश एका टप्प्याने कमी करावा.

तंत्रापेक्षा अवघड प्रश्न असतो तो उभे राहण्याचा. आपल्याला 'सहज' फोटो हवा असतो. समोरच्याला नीट उभे राहून, केस विंचरून, पायांसकट आणि थेट कॅमेऱ्यात पाहणारा. यात कोणाचे चुकते असे नाही. ज्याच्या घरात स्वतःचा फोटो म्हणजे फक्त ओळखपत्रावरचा बोटभर चौकोन, त्याला उभा, पुरता फोटो हवासा वाटणारच. यावर मी एक सोपी वाट ठेवली. प्रत्येकाचे दोन फोटो काढायचे : आधी त्यांच्या मनासारखा, मग माझ्या मनासारखा. गंमत अशी, की 'त्यांच्या' फोटोत माणसे मला अधिक समजत गेली. कोण कोणाच्या शेजारी उभे राहते, कोणाला मुद्दाम बोलावून आणतात, म्हातारीसाठी पाट कोण आणतो, हे सारे त्यात येते.

या प्रश्नाला इतिहास आहे. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६३ व १८६६ साली दोन खंडांत काढले. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून निराळ्याच पार्श्वभूमीवर बसवलेले आहेत, आणि खाली माणसाचे नव्हे तर जमातीचे नाव आहे. माणूस तिथे नमुना झाला. पुढे १९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियातल्या एका शेतमजूर आईचे छायाचित्र सरकारी कामासाठी काढले. ते जगभर गाजले. पण त्या बाईचे नाव लँगने विचारलेच नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, आणि त्या फोटोने आपल्या पदरात काहीच पडले नाही अशी तिची तक्रार होती. लँगचा हेतू वाईट नव्हता. त्या फोटोमुळे उपाशी मजुरांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. तरीही तक्रार खरीच होती.

आमच्या वाडीलाही कॅमेरा नवा नाही. मेअखेरीस काजवे पाहायला शहरांतून गर्दी लोटते, तेव्हा जाता-येता माणसांचेही फोटो निघतात. ते परत मात्र येत नाहीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी चार बाय सहा इंची प्रती पाकिटांत घालून, पाकिटांवर नावे लिहून घेऊन गेलो.

शेजारच्या घरातल्या आजींनी मे महिन्यातच बजावले होते, "माझा एकलीचा काढ. माझ्या माघारी भितीला लावाया पायजे." तो फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला, पाटल्या दिसतात याची खात्री करून घेतली आणि पेटीत ठेवला. मग मी माझ्या मनासारखा काढलेला त्यांचा दुसरा फोटो दाखवला. झऱ्याच्या खड्ड्यात वाकलेली म्हातारी, फाटके लुगडे आणि मागे दूरवर चमकणारे धरणाचे पाणी. कॉलेजच्या प्रदर्शनात लावू का, असे विचारले. आजी बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "पाण्याचं लोकांला कळाया पायजे, ते खरं. पन ह्यो नगं लावू, बाबा. फाटक्यात नगं."

अठरा दिवसांतला माझा सर्वांत चांगला फोटो तोच. ज्या प्राध्यापकांना मी तो दाखवला त्यांनीही तसेच सांगितले, आणि असे फोटो दडवले तर पाण्याचा प्रश्न शहराला कळणार कसा, असेही विचारले. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. माझ्यापुरते उत्तर मी असे दिले : प्रदर्शनात त्या खड्ड्याचा, ओळीने ठेवलेल्या रिकाम्या हंड्यांचा आणि मागच्या धरणाचा फोटो लावला, आजींचा नाही. हंड्यांच्या फोटोला दाद कमी मिळाली, हेही नमूद करतो. माणसाचा चेहरा जे करतो ते हंडा करू शकत नाही. पण चेहरा ज्याचा, होकारही त्याचाच हवा.

या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकजण कॅमेरा किंवा नुसता मोबाइल घेऊन डोंगरांत जातील. त्यांनी जरूर जावे. सोबत एक वही ठेवावी आणि तीत नावे लिहून घ्यावीत, फोटो कुठे लावणार ते आधी सांगावे, प्रतींचा खर्च प्रवासखर्चातच धरावा, आणि परत जाण्याचा दिवस पहिल्याच मुक्कामात ठरवून यावा.